काडीने खेळायचे पत्ते

लग्नाला सहा महिने झाले तरी सासूबाई माझ्याशी थेट बोलत नसत. मी समोर उभी असताना नवऱ्याला म्हणत, "तिला विचार, डब्यात पोळी देऊ की भाकरी?" मीही हट्टी, उत्तर त्यालाच देई. बिचाऱ्याचा पोस्टमन झाला होता. मला मात्र ते फार लागायचं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. औषधांच्या ऑर्डरी घेत मी ठाणे-कल्याण पालथं घालायची. ऑफिसने हातात मावेल असं एक यंत्र दिलं होतं. पडद्यावर प्लास्टिकची काडी टेकवली की काम होई. त्यातले खेळ तेव्हा आमच्याकडे दुकानात मिळत नसत. कुणाकडे एखादा असला तर दोन यंत्रं डोक्याला डोकं लावून धरायची, की खेळ तिकडून इकडे. असाच एका सहकाऱ्याकडून मी एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव घेतला.

एका रविवारी आमच्या ठाकुर्लीच्या घरी खेळत होते. मागून आवाज आला, "अगं, काळी दश्शी लाल गुलामावर ठेव ना!" घरात मी आणि सासूबाई दोघीच होतो. मी काडी त्यांच्या हातात दिली. मग रोज संध्याकाळी डाव रंगू लागला. पण यंत्र बंद केलं की पुन्हा पोस्टमन.

दसऱ्याला त्यांनी विळी, कात्री आणि शिलाई मशीनबरोबर माझ्या यंत्राचीही पूजा केली. ओल्या बोटाने पडद्यावर ठसठशीत हळद-कुंकू, वर अक्षता. पाणी कडेने आत गेलं. काडी इथे टेकवावी तर पान तिथलं उठे, आणि दुपारपर्यंत तेही बंद. सासूबाईंचा चेहरा उतरला. "तिला ऑफिसात बोलणी बसतील का, विचार," त्या नवऱ्याला म्हणाल्या. मी चिडून आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी निघाले, तर त्या ठेवणीतली साडी नेसून दारात उभ्या. माझ्याबरोबर थेट ठाण्याच्या ऑफिसात आल्या. साहेबांनी यंत्र उलटंपालटं केलं, कडेचं कुंकू नखाने खरवडलं आणि विचारलं, "हे काय?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई पुढे झाल्या. "पूजा मी केली. तिच्या पोटापाण्याची वस्तू आहे, म्हणून पाटावर ठेवली. माझ्या सुनेला एक शब्द बोलायचा नाही."

साहेबांनी कपाटातून दुसरं कोरं यंत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. मला तिथेच रडू कोसळलं.

"रडतेस काय, वेडी कुठली!" त्या माझ्याकडे वळल्या. "डोळे पूस, आणि तो डाव परत कोणाकडे मिळतो ते बघ."