मटकीची उसळ आणि वोल्फ्सबुर्गची शांतता

असले किस्से ऐकायला कुणी नसलं की भराभर साठतात. नोकरीसाठी जर्मनीत, वोल्फ्सबुर्गला आले तेव्हा एकच काळजी होती, इथे आपल्याशी कुणी बोलेल का? त्यात माझं पोट! मी तोंड उघडायच्या आधी तेच बोललं तर?

*

ऑफिसच्या खोलीत आम्ही चौघं. की-बोर्ड सोडला तर आवाज नाही. पोटात गुडगुडलं की मी खुर्ची करकन मागे ढकलायची. त्यात सगळं खपून जाई!

सोमवारी समोरचा उवे तेलाची बाटली घेऊन आला आणि खाली वाकून खुर्चीला तेल घालून गेला. "आता वाजणार नाही!"

माझ्याशी बोललेलं त्याचं पहिलं वाक्य.

*

जेवण झालं की आमच्याच खोलीतली पेट्रा "लुफ्टेन!" म्हणत खिडक्या सताड उघडायची. बाहेर बर्फ! मला वाटलं, माझ्या मटकीमुळेच. डबा बंद करून मी नुसता ब्रेड खाऊ लागले. शेवटी धीर करून विचारलं, "माझ्यामुळे का?"

"छे! हवा बदलायला. माझी आजीही उघडायची." मग हळूच, "उवेने कोबी खाल्ला तर जरा जास्त वेळ!"

*

मीटिंगमध्ये बॉसने रुमाल काढून असं नाक शिंकरलं, की दचकून माझी कॉफी सांडली. बाकी कुणी मानही वर केली नाही. म्हणजे वरच्या टोकाला कर्णा चालतो, खालच्या टोकाला बासरीसुद्धा नाही!

*

पक्षी आवाजावरून ओळखतात, तशी आमच्या घरी माणसं ओळखतात. एकदा स्काइपवर आई बोलत असताना मागून बाबांची तुतारी वाजली.

"अहो, पोरगी बघतेय!" आई ओरडली. मला इतकं घरी गेल्यासारखं वाटलं!

"तूही दाबून ठेवू नकोस गं," आई म्हणाली. "तिथे कोण आहे ऐकायला?"

"कुणी नाही," मी म्हणाले.

*

नंतरचा एक रविवार. दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. शुक्रवारपासून मी तोंडातून शब्द काढला नव्हता. शेजारी श्रीयुत क्राउझ, म्हातारे, एकटेच. जिन्यात भेटले तर फक्त मान हलवायचे.

पलंगावर पडल्या पडल्या आईचा सल्ला मानला. एवढा मोठा निघेल असं वाटलं नव्हतं! पलंग भिंतीला लागून, भिंत पातळ. पलीकडे खोकल्याचा आवाज आला आणि मी अशी दचकले, की भिंतीचीच माफी मागितली, "एन्टशुल्डिगुंग!"

मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

मग पलीकडून एक आला. माझ्यापेक्षा लांबलचक, खणखणीत. आणि पाठोपाठ, अगदी अदबीने, "एन्टशुल्डिगुंग!"