पाकिटावर लिहिलं होतं: उजळ करणे

तुमचं तोंड कुणी तुमच्या देखत, भर वर्गात, दुरुस्त करून दाखवलंय का कधी?

माझं दाखवलंय. जळगावात, एका कापड दुकानाच्या माडीवर. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मल्टिमीडिया हा शब्द नवा होता आणि दुकानांच्या पाट्यांवर मोठ्या अक्षरात यायला लागला होता. फोटो आणि आवाज कॉम्प्युटरवर कसे कापायचे, जोडायचे, सुधारायचे ते शिकवणारा तो वर्ग. मी भडगाव तालुक्यातल्या गावाहून एसटीनं यायचे. सर पुण्याला शिकून आलेले. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना वर पाहिलं.

त्या दिवशी सगळ्यांनी आपापले पासपोर्ट फोटो आणले होते. स्कॅन करायला शिकायचं होतं. सरांनी गठ्ठा चाळला आणि माझा उचलला.

"हा घेऊ. यात दुरुस्त करण्यासारखं भरपूर आहे."

एका मॉनिटरभोवती सगळा वर्ग गोळा झाला. माझं तोंड पडद्यावर आलं. मोठं. घामाचा चट्टा, गालावरचे देवीचे व्रण, सगळं दिसत होतं. सरांनी माउस धरला. आधी रंग उजळवला. मग गालावरची देवी पुसली. मग नाक दोन्ही बाजूंनी दाबलं.

"हिला सावलीत उभी करू नका रे, सापडायची नाही," सर म्हणाले. वर्ग हसला.

यावलकडचा एक मुलगा होता, केळीच्या व्यापाऱ्याचा. तो म्हणाला, "सर, हे तर आमच्या पिकवणीसारखं झालं. हिरवं कोंबलं, पिवळं निघालं."

पुन्हा हसणं. सरांनाही आवडलं ते. त्यांनी शेवटचा हात फिरवला, खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाले, "बघा. आता हिचं आडनाव विचारायची कुणाची हिंमत होणार नाही."

आमच्या वस्तीत गोरीपान माणसं आहेत. सरांच्या आळीत कोळशासारखी काळी आहेत. रंग आणि जात यांचा संबंध नाही हे त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. तरी सगळे हसले, कारण काय म्हणायचंय ते सगळ्यांना कळलं.

मी वहीत पायऱ्या उतरवून घेत राहिले. मला तिथं टिकायचं होतं. कोर्स संपल्यावर धुळ्यातला एक मोठा स्टुडिओ सरांच्या शिफारशीवर एकाला कामावर घेणार होता. ती जागा मला हवी होती. माझी माय कापसाच्या जिनिंगमध्ये सरकीच्या धुळीत उभी राहते. मला त्या धुळीत उभं राहायचं नव्हतं. आणि खरं सांगते, मला ते काम आवडायचं. चित्र म्हणजे ठिपके, प्रत्येक ठिपक्याला एक आकडा. शून्य म्हणजे काळा, दोनशे पंचावन्न म्हणजे पांढरा. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हर्ष झाला होता. यंत्राला शून्याचं काही वाईट वाटत नाही. शून्याला नावं ठेवणारी माणसं.

सरांनी त्या दिवशी दोन्ही तोंडं रंगीत छापली. एक प्रत मला दिली, फक्त नव्या तोंडाची. मी ती वहीत घालून घरी आणली. मायनं वही उघडली.

"हाई कोन शे?"

"वळख."

"तुनी मैतरीन शे का? मोठा घरनी दिखस."

"मीच शे, माय."

ती उजेडाला गेली. कागद जवळ धरला, लांब धरला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुना तोंडले काय करी टाकं वं त्यास्नी? आनि तुना गालवरनी देवी कुठे गयी?"

लहानपणी कांजिण्यांच्या तापात मी जवळजवळ गेले होते; आमच्याकडे त्यांनाही देवीच म्हणतात. मायनं मांडीवर घेऊन रात्री काढल्या होत्या. तिच्या लेखी ते व्रण म्हणजे पोर वाचल्याची खूण.

तेवढ्यात धुळ्याचा मामा आला. एसटीत नोकरीला आहे. त्यानं कागद हातात घेतला आणि त्याचे डोळे चमकले. "हाऊ फोटो भारी शे. मी लई जास. एक जागा शे धुयाले, मुलगा कंपाउंडर शे."

"मामा, ते माझं तोंड नाही."

"लगीन होयी जाऊ दे, मंग दखाड तुनं तोंड." आणि हसला. घरात सगळे हसले. प्रेमानं हसले, म्हणून मी कागद परत मागितला नाही.

फोटो मामाबरोबर धुळ्याला गेला. फोटो पसंत पडला. पाहुणे आले.

आमच्याकडे मुलगी बघायला येतात तेव्हा फोटो परत आणतात. पसंत असली तर तो मुलीच्या हातात देतात, म्हणजे पुढचं बोलणं सुरू. त्या दिवशी मुलाच्या आत्याबाईंच्या हातात तो कागद होता. जयभीम झाले. बुद्धाच्या तसबिरीखाली चटई टाकली होती, तिथं बसले. मी पोहे घेऊन गेले. सगळ्यांनी घेतले.

आत्याबाई म्हणाल्या, "छान झालेत. आता मुलीला बोलवा."

मामा म्हणाला, "हीच ना मुलगी."

"ही धाकटी असेल. आम्ही हिला बघायला आलोय." त्यांनी कागद पुढे केला.

"आक्का, एकच पोर आहे," आबा म्हणाले. आबा म्हणजे माझे वडील.

मग जे झालं ते फार हळू झालं. आत्याबाईंनी कागद बघितला. मला बघितलं. कागद मुलाच्या हातात दिला. त्यानं कागद बघितला. मला बघितलंच नाही. तो कागद चटईवरून एका हातातून दुसऱ्या हातात गेला आणि प्रत्येक जण तो माझ्याशी ताडून बघत होता, जसं बाजारात नमुना आणि माल ताडतात. मी ताट धरून उभी.

"आम्ही काळं-गोरं बघत नाही, भाऊ," मुलाचा बाप म्हणाला. "आम्ही चळवळीतली माणसं. पण ही फसवणूक झाली."

मामानं सारवासारव केली. कॉम्प्युटरनं तसं होतं, कागदच तसा असतो, पोरगी शिकलेली आहे, चळवळीतली माणसं म्हणवता आणि रंगच बघता. आत्याबाई उठल्या. दारात चपला घालताना त्या जे बोलल्या ते मी जन्मभर विसरणार नाही.

"भाऊ, पोर आधी तुम्हालाच काळी वाटली. म्हणून तुम्ही तिचा फोटो धुतला. मग आम्हाला कशाला नावं ठेवता?"

फोटो त्यांनी चटईवरच ठेवला. माझ्या हातात दिला नाही.

मला त्या बाईचा राग यायला हवा होता. आला. पण राग निवला तरी तिचं वाक्य तसंच राहिलं. त्यात खोटं काय होतं? आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. आबांनी उभी हयात चळवळीची पत्रकं लिहिली, वाटली. मी पत्रकांवर वाचायला शिकले. माणूस माणसाच्या बरोबरीचा, हे मी बाराखडीबरोबर शिकले. आणि त्याच घरानं माझं तोंड बदललेला कागद धुळ्याला पाठवला.

मी आबांना विचारलं, "पत्रकात लिहिता ते फोटोला लागू नाही का?"

आबांनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, "पोरी, पत्रक भिंतीवर चिकटवलं की झालं. पोर भिंतीवर चिकटवता येत नाही. तिला कुणाच्या तरी घरात जावं लागतं."

हे ऐकून मी त्यांच्यावर ओरडले. त्या घरात मला बसवेना, उभं राहवेना. दुसऱ्या दिवशी एसटीतही मी खिडकीच्या काचेत बघायचं टाळलं.

वर्गात आवाजाचा धडा सुरू झाला होता. घरच्या कुणाचा तरी आवाज टेप करून आणायचा होता. मी मायचा आणला. ती जिनिंगमधल्या मुकादमाची नक्कल करत होती आणि हसत होती. मागे स्टोव्ह सुरू होता.

सर म्हणाले, "हा घ्या. यात गोंगाट भरपूर आहे." नमुना म्हणून त्यांना माझंच काही ना काही लागायचं.

मग त्यांनी सांगितलं ते मी शब्दशः लिहून घेतलं होतं. यंत्राला आधी नको असलेल्या आवाजाचा एक तुकडा ऐकवायचा. मग यंत्र त्याच्यासारखं जे जे सापडेल ते सगळं काढून टाकतं.

त्यांनी स्टोव्हच्या फुसफुसण्याचा तुकडा निवडला. यंत्राला ऐकवला. बटण दाबलं. स्टोव्ह गेला. आणि मायचा श गेला, स गेला, हसताना ती घ्यायची तो श्वास गेला. तिच्या दर वाक्याच्या शेवटी येणारा शे गेला. ती पाण्याखालून बोलल्यासारखी वाटायला लागली.

"बघा, किती स्वच्छ झालं," सर म्हणाले.

मी उभी राहिले. ठरवून नाही. पाय आपोआप सरळ झाले. "सर, नको असलेला आवाज कोणता, हे कुणी ठरवायचं?"

"ग्राहकानं."

"आणि जिचा आवाज आहे तिनं?"

"तिला कोण विचारतंय?" ते सहज म्हणाले. चिडून नाही. पाणी उताराला वाहतं असं सांगावं, तसं.

त्या शांत उत्तरानं माझ्या डोक्यातला सगळा गुंता सुटला. सरांनी पडद्यावर केलं, मामानं कागद पाठवून केलं, आत्याबाईंनी चटईवर केलं. नको असलेल्या तोंडाचा नमुना एकदा ठरला होता. पुढचं सगळं बटण दाबल्यासारखं आपोआप होत होतं.

तास संपताना सरांनी मला थांबवलं. शहरातल्या स्टुडिओंची कामं ते वर्गात आणायचे. आमचा सराव व्हायचा, त्यांचं काम व्हायचं. त्यांनी माझ्यापुढे एक पाकीट टाकलं. पाकिटावर पेन्सिलनं लिहिलं होतं: उजळ करणे. डाग काढणे. आत एका मुलीचा फोटो. पिवळी साडी, केसात अबोली, भुवईवर जुन्या जखमेची रेघ. त्या रेघेभोवतीही पेन्सिलनं गोल केला होता.

"स्थळाला दाखवायचा फोटो आहे. नीट कर. हे चांगलं झालं तर धुळ्याच्या जागेसाठी तुझंच नाव कळवतो."

मी फोटोकडे बघत राहिले. मुलगी सरळ कॅमेऱ्यात बघत होती. तिला वाटत असणार, आपण दिसतो तसा फोटो येणार.

"सर, हे मी करणार नाही."

"का? येत नाही?"

"येतं. इथं सगळ्यांत चांगलं मलाच येतं."

"मग? तिच्या बापानं काम दिलंय. त्याला हवंय. तू कोण?"

"ज्या घरी हा फोटो जाईल ती माणसं उद्या हिच्या दारात येतील. हिच्या हातचे पोहे खातील आणि हिलाच विचारतील, फोटोतली मुलगी कुठंय. सर, मी त्या ताटामागं उभी राहिले आहे."

मग केळीवाला म्हणाला, "म्हणजे काय, गावातल्या सगळ्या पोरी बिनलग्नाच्या ठेवायच्या का?" थोडे हसले. त्यानं हात पुढे करून पाकीट ओढून घेतलं. "द्या सर, मी करतो."

त्यानं केलं. तासाभरात. ती भुवईवरची रेघ गेली. माझ्या नकारानं त्या मुलीचा फोटो वाचला नाही, हे मी इथं मुद्दाम लिहिते. कुणाला वाटायला नको की एक मुलगी उभी राहिली आणि जग बदललं.

सर म्हणाले, "धुळं विसर. प्रमाणपत्रही विसर."

मी खाली उतरले. जिन्याच्या तोंडाशी काचेची खिडकी होती, वर्गाची जाहिरात लावायची. तिथं त्या फोटोच्या धड्यापासून माझी दोन्ही तोंडं चिकटवलेली होती. खाली लिहिलं होतं: आधी, नंतर. एसटी स्टँडकडे जाणारा प्रत्येक माणूस ती बघत जायचा. मी नखानं कागद खरवडायला लागले. डिंक घट्ट होता. शिपाई धावत आला, मागून सर आले.

"ए, ती वर्गाची मालमत्ता आहे."

"कागद तुमचा," मी म्हणाले. "तोंड माझं."

कागदाचे तुकडे मी त्यांच्या हातात दिले. नखं फाटली होती. काचेवर डिंकाचे डाग राहिले. ते राहू दिले.

प्रमाणपत्र मिळालं नाही. आज मी धुळ्यातच एका छोट्या दुकानात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका लावते, फोटो बसवते, जुन्या कॅसेटमधले आवाज कॉम्प्युटरवर चढवते. मालकाला पहिल्याच दिवशी सांगितलं, एक काम सोडून सगळं करीन. त्यानं दोनदा काढून टाकायची धमकी दिली. अजून काढलं नाही. काढेल तेव्हा दुसरीकडे जाईन आणि तिथंही हेच सांगेन. हे हत्यार माझ्या हातात आलंय. ते मी खाली ठेवणार नाही. कुणाचं तोंड पुसायलाही वापरणार नाही. दाराशी आलेल्या बापांना मी अजून विचारते, तुमच्या पोरीला विचारलंत का? बहुतेक जण चिडतात. एखादा फोटो परत घेऊन जातो.

मामा माझ्याशी बोलत नाही. आबांशी मी बोलते, भांडते.

आता तुमच्याकडे येते. तुम्ही सभेला येता, टाळ्या वाजवता, हे वाचून मान डोलवाल. ते पुरे नाही. पुढच्या वेळी घरातल्या मुलीचा फोटो काढायला स्टुडिओत जाल तेव्हा काउंटरवरचा माणूस चेहरा वर न करता विचारेल, "जरा उजळ करू का?" तेव्हा नको म्हणा. मोठ्यानं म्हणा. दुकानातल्या बाकीच्यांना ऐकू जाईल असं म्हणा.