बॉनेट, भडंग आणि जपानी गाडी

ज्या घराला गॅरेज चिकटून असतं, त्या घरात किस्से गोळा करावे लागत नाहीत. डब्यात सुटे नटबोल्ट साठतात ना, तसे ते साठत जातात. कुठला कुठल्या गाडीचा ते सांगता येत नाही आणि टाकून द्यायला जीवही होत नाही! माझ्या दिलीपचं गॅरेज सांगलीला तासगाव रस्त्यावर, आणि माझं स्वयंपाकघर त्याच्या मागच्या अंगाला. मधे एक खिडकी. त्या खिडकीतून मी चहा देते आणि बदल्यात गप्पा घेते. शाळेचं तोंड मी कधी पाहिलं नाही. हे सगळं माझी नात स्वाती लिहून घेतेय. पण कोण कधी काय म्हणालं, ते मात्र मलाच विचारायचं!

दर रविवारी सकाळी इथं गाडीवेड्यांची बैठक बसते. पहिले माझे धाकटे दीर. फौजेत ड्रायव्हर होते, सुभेदार होऊन परत आले आणि मग लिलावातली एक जुनी जीप घेतली. सगळे त्यांना नाना म्हणतात, मी भावजी म्हणते. दुसरा मिरजेचा सलीमभाई, डेंटिंग-पेंटिंगवाला. त्याच्या घरात सतारी बनवायचा पिढीजात धंदा, त्यामुळं तो इंजिनाकडं बघत नाही, कान लावतो. तिसरे दातांचे डॉक्टर. त्यांना गाड्या बदलायची भारी हौस.

आणि वाद वर्षानुवर्षं एकच. जपानी गाडीला गाडी म्हणायचं का नाही?

*

सलीमभाईनं जपानी गाडी घेतली, तीही सेकंडहँड, त्या रविवारची गोष्ट. नाना गाडीभोवती एक चक्कर मारून आले. मग बाजारात मडकं वाजवून बघतात तसं त्यांनी बोटाच्या पेरानं दार वाजवलं.

"टण्ण! ऐकलं का रं? बिस्किटाचा डबा हाय ह्यो! म्हस आडवी आली तर म्हशीला काय हुयाचं न्हाई, ह्याचंच भरीत हुईल!"

मग आपल्या जीपवर थाप मारली. धप्प! "ह्येला म्हणायची गाडी."

सलीमभाई गरीब माणूस. त्यानं बॉनेटला कान लावला आणि म्हणाला, "नाना, सुरात हाय बघा इंजन."

"सुरात असंल, पर ऐकू तर याला पायजे!"

सगळे हसले. चहा झाला, मंडळी उठली. नानांनी जीपला चावी मारली. जीप खोकली, थरथरली आणि गप्प. परत मारली, परत गप्प. शेवटी सगळ्यांनी मिळून ढकलली. ढकलणाऱ्यांत सलीमभाई सगळ्यांत पुढं! ढकलता ढकलता धापा टाकत म्हणतो कसा, "नाना, वाजतीय लय भारी! चालंना तेवढी!"

*

फौजेत म्हणे गाडी बाहेर काढायच्या आधी ड्रायव्हरनं ती तपासायची, आणि त्याला 'फस्ट परेड' म्हणायचं. नाना फौजेतून आले, परेड काही सुटली नाही. रोज सकाळी बॉनेट वर. तेल, पाणी, पट्टे, ब्रेक. पार पुढच्या लाइटची काचसुद्धा धोतराच्या सोग्यानं पुसायची. एवढं करून जीप बंद पडायची ती पडायचीच.

एकदा माझी जाऊ, म्हणजे नानांची बायको तारा, मला म्हणाली, "आक्का, सकाळी माझ्याआधी तिला विचारत्यात. 'कशी हाईस? पाणी हाय का? तेल हाय का?' मला कवा इचारलं न्हाई!"

नाना मागंच उभे होते. म्हणाले, "तू कवा बंद पडलीस काय?"

*

ताराच्या पुतणीचं लग्न साताऱ्याला होतं. लग्न उरकलं, आणि मंडळींना यवतेश्वरचा घाट चढायची हुक्की आली. पुढं डॉक्टरांची नवीकोरी युरोपातली गाडी, मागं नानांची जीप, शेवटी सलीमभाईचा बिस्किटाचा डबा. मी डॉक्टरांच्या गाडीत, पुढच्या सीटवर. गादी अशी, की जावयालासुद्धा आपण तेवढी मऊ घालत नाही.

निम्म्या घाटात गाडी तापली आणि आपली आपण थांबली. समोरच्या पडद्यावर लाल-पिवळी चित्रं लागली. डॉक्टर चष्मा वर-खाली करून इंग्रजी वाचायला लागले. मला अक्षर कळत नाही, पण चित्र कळतं! त्यात एक वाफाळलेला कप होता.

मी म्हटलं, "डॉक्टर, एवढं काय वाचताय? तुमची गाडी चहा मागतीय!"

नाना जीपमधून उतरून आले. दोर बांधून ओढायला ते तयार होते, पण घाटात थांबल्यावर जीपनंही मान टाकली होती. राहिला कोण? सलीमभाई! त्यानं कसलाही आवाज न करता दोर बांधला आणि डॉक्टरांची एवढी मोठी गाडी खाली सपाटीला आणून लावली. मग परत वर येऊन आम्हाला घेऊन गेला.

खाली चहा पिताना नाना म्हणाले, "उतार हुता म्हणून वडली."

सलीमभाई म्हणाला, "व्हय नाना. पर वर चढून आली त्यो चढ हुता न्हवं?"

*

ही आमची स्वाती पुण्याला नोकरी करते. तिनं तिथं नव्या धर्तीची जपानी गाडी घेतली, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी. पहिल्यांदा सांगलीला आणली तेव्हा नाना कौतुकानं बसले, म्हणाले, "चल, विश्रामबागपतुर फिरवून आण."

सिग्नलला गाडी थांबली. ही गाडी थांबली की तिचं इंजिन आपोआप गप्प होतं. नानांनी कान टवकारले. काहीच आवाज नाही!

"पडली! पडली बंद!"

स्वाती काही बोलायच्या आत सुभेदार साहेब दार उघडून खाली, पळत मागं, आणि डिकीला खांदा! इकडं सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न मारायला लागले. स्वातीनं घाबरून पाय दाबला, गाडी आवाज न करता पुढं निघाली, आणि नाना मागून पळत ओरडतायत, "सुटली! सुटली! आता रेस सोडू नको!"

घरी आल्यावर हात झटकत सगळ्यांना सांगितलं, "पोरीची नवी गाडी पहिल्या शिग्नलला ढकलावी लागली. म्या म्हणालो न्हवतो?"

स्वातीनं त्यांना अजून खरं सांगितलेलं नाही. आता लिहितानासुद्धा पेन बाजूला ठेवून हसतेय.

*

मग ताराला किडनीचं दुखणं लागलं. मंगळवारी आणि शुक्रवारी मिरजेच्या दवाखान्यात मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं. वेळ ठरलेली. आपण चुकलो तर पुढच्याची पाळी.

नाना तिला जीपमधूनच न्यायचे. दिलीप म्हणाला, डॉक्टर म्हणाले, दुसरी गाडी न्या; सलीमभाईनं तर गाडीची चावीच पुढं केली. पण नाना म्हणायचे, "माझी गाडी मला कळती. बंद पडली तर मी दुरुस्त करीन. तुमची बंद पडली तर म्या काय, जपानला फोन करू?"

जाताना जीप कशीबशी पोचवायची. येताना मात्र मिरजेच्या बाहेर एक मोठी चिंच आहे, तिथं हटकून थांबायची. चिंचेखाली भडंगाचा गाडा. नाना जीपखाली शिरायचे आणि ताराला सीटवर बसवून हातात भडंगाचा पुडा द्यायचे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मीठ तोडलेलं, म्हणून बिनमिठाचं, तेही मूठभरच. गाडेवाला आधी म्हणाला, "सुभेदार, सांगलीच्या भडंगात मीठ न्हाई, असं बाहेर कुणाला सांगू नगा!" मग त्यांच्यासाठी मंगळवारी-शुक्रवारी वेगळं परतून ठेवायला लागला.

मी ताराला म्हणायची, "तुला त्रास हुतो गं, ताटकळत बसायचा."

ती नुसती हसायची.

*

पण एका शुक्रवारी जीप येताना नाही, जातानाच बंद पडली.

सकाळची वेळ. नाना खाली शिरले. अर्धा तास गेला. ताराचे पाय सुजलेले, श्वास लागलेला. तेवढ्यात समोरून सलीमभाई सांगलीला येत होता. त्यानं गाडी वळवून शेजारी लावली.

"नाना, काकूंना द्या हिकडं. जीप राहू दे."

जीपखालून आवाज आला, "धा मिंटं! पंपात कचरा आलाय, धा मिंटात काढतो!"

आता, माझी जाऊ चार माणसांत कधी तोंड उघडायची नाही. पण त्या दिवशी तिनं स्वतः जीपचं दार उघडलं, पिशवी घेतली, सलीमभाईच्या गाडीत जाऊन बसली आणि म्हणाली, "आवं, तुमी या मागनं. मशीन थांबायचं न्हाई माझ्यासाठी."

पाळी गाठली. थोडक्यात गाठली. नर्स म्हणाली, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. नाना रिक्षानं मागून पोचले. हात कोपरापर्यंत काळे. तसल्या हातांनी आत कोण सोडणार? काचेबाहेर उभे राहिले, चार तास.

रविवारी गॅरेजला आले ते सरळ सलीमभाईच्या गाडीपाशी गेले. बोटानं वाजवायला हात वर केला. वाजवला नाही. बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा बॉनेटवर हात ठेवला.

"सलीम, कवापास्नं बंद पडली न्हाई म्हणालास ही?"

"मोजलं न्हाई, नाना."

त्या दोघांत काय ठरलं ते त्यांनाच ठाऊक, पण त्याच आठवड्यात चावी नानांच्या खिशात आली. चावी घेताना नाना म्हणाले, "येवढं दाव. ढकलायची येळ आली तर धरायची कुठं?"

सलीमभाईनं डोकं खाजवलं. "ते मलाबी म्हाईत न्हाई, नाना. कवा येळच आली न्हाई!"

*

नानांची फस्ट परेड चालूच राहिली. रोज सकाळी बॉनेट वर. आत बघायचे, इकडून बघायचे, तिकडून बघायचे, आणि परत लावायचे. टूलबॉक्स मागच्या सीटवर देवासारखा बसलेला.

एकदा दिलीपला म्हणाले, "दिल्या, फौजंतनं आलो तवा न्हाई वाटलं. आता पेन्शनीत गेल्यागत वाटतंय."

दिलीप म्हणाला, "माझं काय सांगता नाना! ह्या गाड्यांचं तेल बदलायचं आणि हात जोडायचे. सगळ्यांनी असल्या घेतल्या तर मी खिडकीत बसून आईला चहा करू लागतो!"

मग डॉक्टरांनीही जपानीच घेतली. स्वाती त्यांना चिडवत म्हणाली, "काका, माझ्या मैत्रिणी म्हणतात, जपानी गाडी म्हणजे वरणभात. चांगली आहे, पण त्यात सांगण्यासारखं काय?"

डॉक्टरांच्या आधी नाना बोलले. "घरात आजारी माणूस असलं की कळतंय पोरी, वरणभात काय असतो ते."

बिस्किटाचा डबा म्हणणारे हेच का ते?

*

ताराला मी विचारलं, "आता बरं हाय न्हवं? येळंत जाणं, येळंत येणं."

"लय बरं हाय, आक्का. जीवाचा घोर गेला." मग जरा थांबून म्हणाली, "पर थांबतच न्हाई बघा ती. मिरजंत बसायचं, डोळा लागायचा, आणि उघडला की दारात. हे गाडी लावून जात्यात रानात. मी आपली पडती खाटंवर."

नाना अंगणात टायरची हवा बघत होते. ऐकलं का नाही, देव जाणे.

*

त्यानंतरच्या शुक्रवारची गोष्ट. ही दिलीपनं डोळ्यांनी पाहिलेली.

दुपारी तो मिरजेहून पार्ट घेऊन येत होता. बघतो तर चिंचेखाली जपानी गाडी उभी. बॉनेट वर! टूलबॉक्स उघडा, पाने जमिनीवर ओळीनं मांडलेले, आणि नाना आत वाकलेले. इतक्या वर्षांत कधी न थांबलेली गाडी, आणि थांबली ती नेमकी काकू आत असताना!

मोटरसायकल टाकून तो पळत गेला. "नाना, काय झालं? काकू बरी हाय न्हवं?"

तारा पुढच्या सीटवर दार उघडं टाकून बसली होती. मांडीवर बिनमिठाच्या भडंगाचा पुडा. दुसरा पुडा बॉनेटच्या कडेला, निम्मा संपलेला. गाडेवाला आपल्या गाड्यामागं तोंड फिरवून उभा.

"काय न्हाई रं," नाना आत वाकूनच म्हणाले. "जरा बंद पडलीया. तू जा."

दिलीप माझा पोरगा, मेकॅनिक. तो कुठला ऐकतोय! आत हात घालून त्यानं चावी फिरवली. पहिल्या झटक्यात गाडी चालू! सतारीसारखी सुरात.

तारानं पदर तोंडाला लावला.

नाना ताडकन उभे राहिले. हातात पाना, ओठाला चुरमुऱ्याचा दाणा चिकटलेला. त्यांनी एकदा ताराकडं बघितलं, एकदा दिलीपकडं, आणि फौजेतल्या आवाजात ओरडले,

"बंद कर रं ती! दुरुस्त व्हायला अजून अर्धा तास लागंल!"