उलटा फिरवलेला गोफ

फरीदाबादच्या आमच्या मराठी मंडळाला गणपतीची साठ सेकंदांची रील करायची होती. सेक्रेटरींनी अ‍ॅपवर एक सामायिक मसुदा उघडला आणि त्यात सात घरांना घेतलं. आपापल्या क्लिप टाकायच्या, कोणीही कापायच्या, कोणीही जोडायच्या. याला ते ‘कोलॅबोरेशन’ म्हणत. मी तीन दिवस बघत होतो. प्रत्येक जण दुसऱ्याची क्लिप दोन सेकंदांनी कापून स्वतःची तेवढीच वाढवत होता. गणपतीला चार सेकंद, मोदकांच्या ताटाला नऊ. मोदक खजिनदारांच्या घरचे होते. मोठी माणसं, चांगल्या पगाराची, आणि धडपड पाच सेकंदांसाठी.

माझी क्लिप एकच, बायकोने बसवलेल्या गोफाची. छताच्या हुकाला टांगलेल्या आठ रंगीत ओढण्या धरून बायकोसकट आठ जणी एकमेकींना ओलांडत फिरतात आणि वीण घालतात. मग तोंडं फिरवून तीच पावलं उलट्या क्रमाने टाकत ती सोडवतात. विणणं फारसं कठीण नाही. सोडवताना एकीचं पाऊल चुकलं तरी गाठ बसते. आठांतल्या पाच जणी दिल्लीत वाढलेल्या, त्यांना गोफ हा शब्दही ठाऊक नव्हता. सहा रविवार, दोन-दोन तास सराव झाला. कार्यक्रमात एकही गाठ बसली नाही. विणायला पंचेचाळीस सेकंद लागले, सोडवायला पन्नास. वेग चौपट करून मी ते चोवीस सेकंदांत बसवलं. गोफ सुटताना लोकांनी पाहावा, एवढंच बायकोला हवं होतं.

चौथ्या दिवशी क्लिप बारा सेकंदांची झालेली. सहा विणण्याचे, सहा सोडवण्याचे. बायकोने एकदाच पाहिली.

“अहो, ह्या मागे मागे चालतायत. ओढण्या बघा कशा हलतायत.”

तिने सेक्रेटरींना फोन लावला, स्पीकरवर.

“अच्छा, ते? सोडवतानाचा भाग काढला मी, वहिनी. लांब होत होता यार. विणतानाचाच रिव्हर्स केला. सेम टु सेम.”

“मग भाऊजी, आम्ही सोडवायला शिकलो कशाला?”

“कोणाला कळतंय?”

“मला कळतंय.”

“तुम्ही फार सीरियसली घेता बुवा.”

त्या मसुद्यात एक सोय होती. ज्याने क्लिप टाकली, तो ती केव्हाही परत घेऊ शकतो. कापलेले तुकडेही मग जातात. मी बायकोला हे सांगितलं. वर हेही सांगितलं, की मग रीलमध्ये गोफ अजिबात दिसणार नाही आणि बाकीच्या सात जणी तिलाच विचारतील.

ती म्हणाली, “काढा. त्यांना मी सांगते.”

मी काढली.

संध्याकाळी रील लागली. गोफाच्या बारा सेकंदांत सेक्रेटरींचं आभाराचं भाषण होतं, आवाज बंद करून, वर भलतंच गाणं लावून. तासाभरात खाली अकरा जणांनी टाळ्या ठेवल्या. त्यातले सहा जण मसुद्यातलेच होते.

बायको स्वयंपाकघरात फोनवर होती. पाचवा फोन होता तिचा.

“नाही गं,” ती सांगत होती, “तुझं पाऊल कुठेच चुकलं नव्हतं. म्हणून तर काढलं.”