वहीतली शेवटची नोंद

तुमच्या गावच्या कॉलेजात जे संगणक आहेत ते नेमके कुणाचे, असं तुम्ही कधी कुणाला विचारलंय का? मी विचारलं होतं, छापून विचारलं होतं. आणि त्यात इतकी गुंतले की ज्या बाईसाठी विचारत होते, तिनं सांगितलेलं एक साधं काम माझ्याकडून राहून गेलं. अनुसयाताई चव्हाण गेल्या त्याला आता सहा आठवडे होतील. मंगलचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसात डबा खात होते. हिंगोलीच्या ज्या कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकले, तिथंच मंगल आता शेवटच्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "दिदी, लॅबवाल्या ताई गेल्या. सकाळी छातीत दुखतंय म्हणल्या, दवाखान्यात न्यायच्या आतच…" मग म्हणाली, "लॅबची चावी त्यांच्या पिशवीतच हाये. मागायला कसं जावं?"

कॉलेजच्या कागदावर त्या प्रयोगशाळा परिचर होत्या. खोली उघडायची, संगणकांवरची धूळ पुसायची, हजेरीवर सह्या घ्यायच्या, एवढंच त्यांचं काम. नरसीजवळच्या तांड्यावरून त्या रोज यायच्या. आमचे सर बदलून गेले, त्यांची जागा रिकामीच राहिली आणि दोन वर्षं त्या खोलीत आम्ही पोरी आणि अनुसयाताई एवढ्याच उरलो. सर शिकवत असताना मागच्या बाकावर बसून त्यांनी किती ऐकून ठेवलं होतं ते तेव्हा कळलं. आम्ही आर वापरायचो. आर म्हणजे आकडेमोडीची फुकट मिळणारी संगणकप्रणाली. तिला जी नवी कामं शिकवायची त्यांची छोटी छोटी पॅकेजं असतात, ती बसवून घ्यावी लागतात. आमच्याकडचं आर जुनं. त्याच्यासाठी तयार बांधलेली पॅकेजं फारशी मिळत नसत, म्हणून मूळ लिखाणाची गठडी आणून ती तिथंच बसवायची. आता काही गठड्यांमध्ये सी भाषेत लिहिलेला भाग असतो. तो यंत्राला कळेल असा करून घ्यायला वेगळी अवजारं लागतात, आणि ती संगणकावर टाकायला गेलं की पासवर्ड मागितला जायचा. तो पासवर्ड कॉलेजकडे नव्हता. संगणक बसवणाऱ्या ठेकेदाराकडे होता, आणि ठेकेदार फोन उचलत नव्हता. संगणक आमच्या खोलीत, वीज आमची, धूळ अनुसयाताईंनी पुसायची, आणि परवानगी मात्र अशा माणसाची ज्याचं तोंड आम्ही कधी पाहिलं नाही. मला याचा अजून संताप येतो.

अनुसयाताई संतापत बसल्या नाहीत. बसवायच्या आधी त्या गठडी सोडून बघायच्या. आत 'एसआरसी' नावाचा कप्पा दिसला की मान हलवायच्या, "ह्याला अवजारं लागत्यात. आपल्याकडं न्हाई बसायचं." तो कप्पा नसला, सगळं लिखाण नुसतं आरमध्येच असलं, तर खूश. "हे बसंल." बाहेरून आणलेली गठडी आपल्या मदतीची दुसरी पॅकेजं आपोआप आणत नाही, ती आपण हुडकून आधी बसवावी लागतात, त्यावर त्या म्हणायच्या, "एक पाव्हणा बोलावला तर सोयऱ्याचे सोयरे दारात. आधी इचारून घ्यावं, किती जण येऊन राहिले." हे सगळं त्यांनी एका शंभर पानी वहीत उतरवलं होतं. पॅकेजचं नाव, सोबत कोण लागतं, आणि शेवटी 'बसतं' किंवा 'बसत न्हाई'. मी एकदा चिडून विचारलं होतं, "ताई, आपणच काहून असं चाचपडत चालायचं?" तेव्हा त्यांनी मला त्यांच्या आज्याची गोष्ट सांगितली. आजा बैलांवर धान्य-मीठ लादून मुलुखभर हिंडायचा. "लदेणीला निघताना आधी बैल बघायचा, मग गोणी भरायची. गोणी भरून ठेवली अन् मग बैलाला मारत बसला, तर माल बी जातो अन् बैल बी."

मी ऐकलं आणि विसरले. माझं बालपण पत्रकांत गेलंय. साखरा गावातल्या आमच्या घरात बाबांनी वाटायला आणलेली पत्रकं भांड्यांच्या फळीवर पसरलेली असत, अक्षरं मी त्यांवरूनच शिकले. जे चूक आहे ते छापायचं, मागणी करायची, वाटायचं… दुसरी रीत मला ठाऊकच नव्हती.

आम्ही मिळून एक पॅकेज केलं होतं, 'पाणवठा'. पोरी आपापल्या गावच्या विहिरींत दोर सोडून दर आठवड्याला पाणी किती खाली आहे ते मोजायच्या. 'पाणवठा' त्या आकड्यांवरून सांगायचं की पाणी खरंच खाली चाललंय की नुसतं तसं वाटतंय. लिहिलं मी, पण प्रत्येक ओळ 'म्हंजे काय?' असं विचारून ताईंनी चाळून घेतली होती. ते फार हळू चालायचं, एका हिशोबाला अख्खा तास. ताई म्हणायच्या, "चालू द्या त्याला. तवर भाकर खा." आणि आम्ही खरंच डबे सोडायचो.

मग मी पुण्यात नोकरीला लागले. तिथं कळलं की 'पाणवठ्या'त माझी एक चूक आहे, ज्या आठवड्यांचं मोजमाप राहून गेलंय त्यांचे आकडे ते चुकीचे भरतंय. ती मी सुधारली. पण तेवढ्यावर थांबले नाही. हळू चालणारा सगळा भाग सीमध्ये लिहून काढला. तासाचं काम डोळ्याची पापणी लवेपर्यंत होऊ लागलं. मोठ्या ऐटीत हिंगोलीला पाठवलं. दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन. "पोरी, तुजं नवं बसंना. आत सी हाय."

मग मी पुण्यातच बांधून तयार पॅकेज पाठवलं. ते नव्या आरसाठी बांधलेलं, तिथल्या जुन्या आरनं घेतलं नाही. "थांबा ताई, जुनं आर इथं घालते आणि बांधून देते." त्या म्हणाल्या, "देशील बाई. पर उद्या मंगलला त्यातली एक ओळ बदलायची आसंल तर? परत तुलाच फोन? त्या ठेकेदाराची जागा तू घेतल्यासारकं व्हईल." मला ते लागलं. मी म्हणाले, मग तोवर जुनं 'पाणवठा'च चालवा. "ते चुकतंय म्हणलीस ना? चुकीचं लेकरांच्या हाती मी देणार न्हाई. चूक सुदरलेली ठेव, सी काढ. हळू चालंल तर चालंल."

चार संध्याकाळचं काम होतं. मी केलं नाही. मला वाटलं, आपण का माघार घ्यायची? पासवर्ड आपल्या हक्काचा आहे. सुट्टी काढून गावी आले, पत्रक छापलं, 'संगणक आमचे, पासवर्ड कुणाचा?' कॉलेजच्या फाटकावर वाटलं, जवळा बाजारच्या आठवडी बाजारातही वाटलं. एका म्हाताऱ्यानं ते उलटंसुलटं करून विचारलं, "ह्याच्यात सोयाबीनचा भाव हाय का?" मी नाही म्हणाले. त्यानं घडी करून तंबाखूच्या चंचीत ठेवलं. कॉलेजनं उत्तर दिलं की ठेकेदाराला पत्र पाठवलं आहे. ताईंना पत्रक दिलं तेव्हा त्यांनी ते उभ्यानं पूर्ण वाचलं. "चांगलं लिवलं. बराबर हाये सगळं." मग चष्मा काढून म्हणाल्या, "पर पॅकेज बसंना, पोरी."

चार महिने गेले. त्या वर्षीच्या पोरींनी नुसत्या सरासऱ्या काढून प्रकल्प जमा केला. वर्षभर दोर सोडून मोजलं, आणि पाणी खरंच खाली चाललंय का, याचं उत्तर त्यांना मिळालं नाही. माझी मागणी रास्त होती. आजही आहे. पण ते उत्तर ठेकेदारानं एकट्यानं अडवलं नव्हतं, मीही अडवलं होतं…

तेराव्यानंतर मी हिंगोलीला गेले. चावी ताईंच्या लेकानं आणून दिली होती. टेबलाच्या खणात ती वही तशीच, कडेला दोरा बांधलेला पेन. शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. निळ्या शाईत, ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'पाणवठा, नवं. सी हाय. बसत न्हाई. पोरीला सांगितलं.'

त्यापुढची पानं कोरी आहेत.

मी तिथंच पासवर्डनं अडवलेल्या त्याच संगणकासमोर बसले आणि सी काढायला लागले. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी मंगलनं गठडी सोडून पाहिली, एसआरसीचा कप्पा नाही याची खात्री केली आणि बसवलं. पासवर्ड विचारला गेला नाही. मग पोरींचे ते वर्षभराचे आकडे घातले आणि हिशोब सुरू केला. तो तासभर चालणार होता. मंगलनं कुणाला न विचारता डबा उघडला, अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली. वहीत ती ओळ मी लिहिली नाही, माझा तो हक्क नव्हता. मंगलनं लिहिली, ताईंच्याच पेनानं: 'पाणवठा, त्याच्या पुढचं. बसलं.'

पासवर्ड अजून मिळालेला नाही. त्यासाठी मी भांडणार आहे, तुम्हीही भांडा. पण त्याआधी एक करा. तुमच्या गावच्या शाळेत, कॉलेजात संगणकाची खोली असेल. तिची चावी ज्या बाईकडे किंवा माणसाकडे आहे, त्यांच्याकडे या आठवड्यात जा. त्यांना विचारा, इथं काय बसत नाही? काय चालत नाही? ते सांगतील ते लिहून घ्या. आणि त्यातलं एक तरी, जे तुमच्या हातचं आहे ते, ती खोली उघडणारं माणूस हयात आहे तोवर करून द्या.