वावरात उतरलेली पेटी

आमची पेटी मोताळ्याकडे एका वावरात पडली, तेव्हा वरिष्ठांनी मलाच धाडलं. मी मेहकरचा, म्हणजे गावकऱ्यांशी त्यांच्या बोलीत बोलू शकेन, असा त्यांचा हिशेब. त्या बोलीनंच माझा घात केला.

छोट्या उपग्रहाला सूर्य कुठे आहे ते कळावं म्हणून आम्ही एक काचेचा डोळा बनवत होतो. तो तपासायला उपग्रह कुठला आणायचा? म्हणून मोठ्या फुग्याला पेटी बांधून वर सोडायचो. फुगा फुटला की पेटी कापडी छत्रीनं खाली यायची, वारा नेईल तिथे.

पाकिस्तानशी लढाई नुकतीच संपली होती. रोहिणखेडपलीकडच्या त्या गावात पोहोचलो तर पेटीभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आणि ज्यांच्या वावरात ती पडली ते म्हातारे मुसलमान शेतकरी, साऱ्या गावाचे चाचा, कालपासून चावडीवर बसवलेले. पेटी नेमकी यांच्याच वावरात कशी पडली, एवढाच गावाचा सवाल. तालुक्याहून पोलीस यायचे होते.

मी मेहकरचा, पेटी सरकारी आहे, भिऊ नका, असं मी वऱ्हाडीत सांगितलं. गावच्या पाटलांनी मला खालून वर न्याहाळलं. त्यांच्या मते शास्त्रज्ञ पुणेरी बोलतो, नाहीतर इंग्रजी झाडतो.

"तू मेहकरचा, मंग तुले आभायातली पेटी कोनी देली बे?"

ओळखपत्र दाखवलं, तर असली कार्डं बुलढाण्यात छापून मिळतात म्हणे. मलाही चाचांशेजारी बसवलं. चहा आला तो आम्हा दोघांना वगळून. मला गावाचा भयंकर संताप आला होता, पण मीही चाचांकडे तिरक्या नजरेनं बघतच होतो. पेटीची छत्री गायब होती, आणि ती यांनीच दडवली असणार असं मी धरून चाललो होतो. संशय खरजेसारखा, शेजारी बसलं की लागतो.

शेवटी म्हणालो, पेटी सगळ्यांसमोर उघडून दाखवतो. बॉम्बच्या धास्तीनं क्षणात चावडी ओस पडली. चाचा तेवढे उठून माझ्याजवळ आले.

"उडालो तं उडालो. लोकायले तरी समजन."

आम्ही दोघंच वावरात गेलो. कुंपण बाजूला सारून मी झाकण काढलं, सोबत आणलेलं मीटर जोडलं. काचेवर ऊन पडताच काटा चढला. चाचांनी तिच्यावर हात धरला, काटा खाली आला. हात काढला, पुन्हा वर. त्यांनी तीन-चारदा तसं केलं. लांबून बघणारे एकेक करत जवळ आले.

पाटलांनी चाचांना फक्त "जा घरी" म्हटलं. 

पेटी उचलून एसटीच्या थांब्याकडे निघालो, चाचाही सोबत आले. वाटेत पाटलांचं अंगण लागलं. ज्वारीच्या ढिगावर आमची लाल-पांढरी छत्री अंथरलेली होती. मी थबकलो. चाचांनी माझा दंड धरून मला पुढे चालवलं. बस आली, मी पायरीवर चढल्यावर ते म्हणाले,

"साहेब, पुढच्या बारीले पाटलाच्या वावरात पाडा. त्याले कोनी काही इचारत नाही."