पिशवी पुढे, मी मागे

लग्नानंतरचा सगळा प्रवास मी खिडकीत बसून केला. तिकीट यांच्या खिशात, सामान यांच्या हातात आणि मी खिडकीत. गाडी स्टँडवर लागते न लागते तोच आमचे हे धावत जायचे, खिडकीतून आपला चौकड्यांचा मोठा रुमाल सीटवर टाकायचे आणि मागे वळून मला खूण करायचे. मग मी सगळ्यांत शेवटी, पदर सावरत, आरामात चढायची. हे गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं की साठी उलटली तरी नंदुरबारहून शहाद्याची गाडी किती वाजता सुटते हे मला माहीत नाही.

मुलगा सुरतला असतो, कापडाच्या कारखान्यात. वडिलांचं वर्षश्राद्ध झालं आणि त्यानं विषय काढला. घर भाड्यानं देऊ, तू सुरतला चल. चौथा मजला आहे, लिफ्ट आहे, समोर बाग आहे. सगळं खरं होतं, सूनही गुणाची आहे. पण नंदुरबारच्या घरात माझं शिलाई मशीन खिडकीजवळ आहे. त्या खिडकीतून अर्ध्या गल्लीच्या बायका ब्लाउज टाकून जातात आणि उरलेल्या अर्ध्या नुसत्या बोलून जातात. हे सोडून मी चौथ्या मजल्यावर काय करू, लिफ्टची बटणं दाबू?

"आई, तू एकली कशी राहशी?" तो म्हणाला. "एकली तू आजलोंग शहादालेबी गई नही."

हे मला फार लागलं. खरं होतं म्हणूनच लागलं. मी तोऱ्यात म्हणाले, "बस शे, रेल्वे शे. मले कोनी गरज नही."

"मंग तीन दिन एकली फिरीसन दखाड."

झालं, पैजच लागली. फक्त बस आणि रेल्वे. रिक्षा नाही, कुणाची मोटारसायकल नाही, नातेवाइकाकडे मुक्काम नाही. शेवटी सुरतला त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. जमलं तर तो घराचा विषय कायमचा बंद करणार. अधेमधे त्याला बोलवावं लागलं, तर दिवाळीच्या आत माझं मशीन चौथ्या मजल्यावर. मी तिथल्या तिथे कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी ब्लाउज बेतायचा खाकी कागद घेतला, पट्टी घेतली आणि प्रवास बेतायला बसले. आधी स्टँडवर जाऊन चौकशीच्या खिडकीत उभी राहिले. आतल्या माणसानं पहिला प्रश्न विचारला, "संगे कोन शे?" मी म्हटलं, कोणी नाही. त्यानं जरा वाकून माझ्या मागे पाहिलं, खात्री करून घेतली आणि मगच वेळा सांगितल्या. रेल्वे स्टेशनवरही तेच. एकटी बाई वेळापत्रक विचारते म्हणजे घरातून भांडून निघाली असणार, असा दोघांचाही समज झालेला दिसला.

यादीत सगळ्यांत वर मी मणिबेली लिहिलं होतं. माझ्या एका गिऱ्हाइकाचं ते माहेर. नर्मदेच्या पाण्यानं गाव कसं गिळलं आणि वरच्या अंगाला उरलेली घरं कशी आहेत, हे ती दर मापाच्या वेळी सांगायची. पण तिथे बोटीनं जावं लागतं. मुलाला फोन करून विचारलं, बोट चालेल का? "बस नी रेल्वे," तो कोर्टातल्या वकिलासारखा म्हणाला. मी काट मारली. त्याचा मला अजून राग आहे.

शेवटी कागदावर उरलं ते असं. पहिला दिवस बसनं प्रकाशा, शहादा, म्हसावद, तोरणमाळ. दुसऱ्या दिवशी मुक्काम तिथेच. तिसऱ्या दिवशी खाली उतरून नंदुरबार, तिथून रेल्वेनं सुरत. प्रत्येक गावापुढे वेळ, आणि वेळेपुढे काय करायचं ते. 'प्रकाशा : तापीवर एक तास.' 'म्हसावद : चहा, गाडी थांबली तर.' गल्लीतल्या बायकांनी तो कागद वर्तमानपत्रासारखा हातोहात वाचला. एकीची बहीण प्रकाशाला, दुसरीचे व्याही म्हसावदला, तिसरीचा भाऊ शहाद्याला. सगळ्यांकडे मी जेवायचंच होतं. नाही म्हणता म्हणता माझा घसा बसला.

शेजारच्या भाभीनं तेवढं कामाचं काही केलं. तिचा नवरा रिक्षांची हुडं शिवतो. त्याच रेक्झिनमधून तिनं मला एक लालभडक पिशवी शिवून दिली. "आपा, चलती बस से गिरेगी तो भी इसको कुछ नहीं होगा," ती म्हणाली. मी म्हटलं, मला काही झालं तर? ती म्हणाली, तुमच्यासाठी रेक्झिन उरलं नाही.

तर निघाले. प्रकाशापर्यंत सगळं कागदाबरहुकूम झालं. तापीच्या घाटावर बसून घरची पोळी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. घड्याळाकडे बघत बरोबर एका तासानं उठले, तर बस समोर. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, किती तिकिटं?" मी "एक" म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले आणि इतकं जोरात म्हणाले की पुढच्या सीटवरच्या माणसानं वळून पाहिलं.

शहाद्याला पोचले तर स्टँड माणसांनी नुसता फुलला होता. बाजाराचा दिवस. ब्लाउजच्या कागदावर मी सगळं लिहिलं होतं, बाजाराचा दिवस तेवढा विसरले होते. तोरणमाळच्या गाडीच्या जागी एक बस येऊन लागली आणि सगळा स्टँड तिच्याकडे धावला.

आमच्या भागात गाडी लागली की आधी पाटी कोण वाचतो? आधी खिडकी बघायची. रिकामी सीट दिसली की काहीतरी आत टाकायचं. रुमाल, टोपी, उपरणं, चप्पलसुद्धा. टाकलेल्या वस्तूवर भांडखोरातला भांडखोर माणूसही बसत नाही. यांचा चौकड्यांचा रुमाल माझ्या कमरेला खोचलेला होता. पण तो टाकायला माझं मन होईना, आणि एवढ्या गर्दीत रुमालाला कोण भीक घालणार असंही वाटलं. मी दोन्ही हातांनी लाल पिशवी उचलली आणि खिडकीतून आत लोटली. नेम अचूक लागला. पिशवी सीटवर ऐसपैस बसली. यांनी पाहिलं असतं तर खूश झाले असते, असं मनात म्हणत मी दाराकडे गेले.

दारात रेटारेटी. मी नेहमीच्या सवयीनं शेवटी उभी. गर्दी जरा हलली, तशी मला समोरची पाटी दिसली. पाटीवर 'धडगाव' होतं.

मी मागे सरकले. तेवढ्यात दार लागलं, घंटी झाली आणि बस निघाली. मी ओरडले, हात केले, दहा-बारा पावलं धावलेसुद्धा. खिडकीतून माझी लाल पिशवी ताठ बसून धडगावला जाताना दिसली. तिच्यात माझ्या साड्या होत्या, रक्तदाबाच्या गोळ्या होत्या आणि तो खाकी कागद होता.

आणि नेमका तेव्हाच मुलाचा फोन आला.

"आई, कोठे शे?"

एक शब्द बोलले असते, 'ये' एवढाच, तर तो संध्याकाळपर्यंत शहाद्याला आला असता. शब्द अगदी जिभेवर आला होता. मग मला माझं मशीन दिसलं, खिडकी दिसली, आणि मी म्हणाले, "शहादाले शे. पिशवी पुढे गई, मी मांगेथून जास."

"पिशवी कोना संगे गई?" त्यानं संशयानं विचारलं.

"एकलीच गई," मी म्हणाले आणि फोन ठेवला. यात एकही शब्द खोटा नव्हता.

मग मी सरळ चौकशीच्या खिडकीत गेले. तिथल्या माणसानं माझं सगळं ऐकून घेतलं, हसू दाबायचा प्रयत्न केला, तो काही त्याला जमला नाही. पण लगेच त्या बसच्या कंडक्टरला फोन लावला. "लाल थैली शे का सीटवर? हां, तीच. म्हसावदले उतारी दे." आणि मला म्हणाला, "आक्का, फिकर करू नका. तोरणमाळनी गाडीबी म्हसावदवरथूनच जास. आते पाटी वाचीसन बठा."

खरी तोरणमाळची गाडी अर्ध्या तासानं आली. मी पाटी दोनदा वाचली, एका माणसाकडून वाचून घेतली, ड्रायव्हरलाही विचारलं. जागा मिळाली नाही. म्हसावदपर्यंत उभ्यानं गेले आणि सगळा रस्ता एकच विचार करत होते, पिशवी नसेल तर काय? गोळ्या नाहीत, कपडे नाहीत. फोन करावाच लागणार.

म्हसावदला गाडी थांबली. मी दारातूनच बघितलं. चहाच्या टपरीबाहेरच्या बाकावर माझी पिशवी, आणि तिच्यावर हात ठेवून टपरीवाली बाई. मी धावत गेले तर तिनं पिशवी जवळ ओढली.

"तुम्हनी शे का? मंग सांगा, मझार काय शे?"

मी घडाघडा म्हणून दाखवलं. दोन सुती साड्या, गोळ्यांची डबी, ठेच्याची बाटली, खाकी कागद. तिनं मान हलवली, पिशवी माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या हातात वाफाळता चहाचा ग्लास ठेवला. मी म्हटलं, मी तर अजून मागितला नाही.

"कागदवर लिखेल शे ना," ती म्हणाली. "म्हसावद, चहा. गाडी थांबनी, मंग मी चहा ठी दिना."

मला हसू फुटलं आणि त्यातच रडूही आलं. त्या बाईला मी कोण हे माहीत नव्हतं, पण माझा बेत तिनं माझ्यापेक्षा चांगला पाळला होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी चहा घशाखाली ओतला, जीभ भाजली आणि गाडीत चढले. गंमत म्हणजे म्हसावदला बरेच लोक उतरले होते. मला खिडकी मिळाली.

तोरणमाळचे ते दोन दिवस छान गेले. खोली आधीच फोनवर ठरवली होती. तळ्याकाठी बसायचे, गार वारा खायचे, मनात आलं की उठायचे. चहा कधी, जेवण कधी हे मला कुणी विचारत नव्हतं आणि मलाही कुणाला विचारायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र यांची फार आठवण आली. इतका चांगला देखावा आणि 'बघ बघ' म्हणायला शेजारी कोणी नाही. थोडा वेळ रडले, तोंड धुतलं आणि गरम भजी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी बसनं खाली, नंदुरबारहून रेल्वे. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. डब्यातल्या सगळ्यांनी मला ते दाखवलं, जसं काही मी परदेशातून आले होते. सुरतला शहर बस पकडली आणि मुलाच्या दारावरची बेल स्वतः वाजवली.

जेवताना सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतंच. सून हसून हसून लाल झाली. मुलगाही आधी हसला, मग हातातला घास त्यानं परत ताटात ठेवला.

"पिशवी गई तवय तू मले काबर नही सांगं?"

"सांगं असतं ते तू उना असता."

"हां," तो म्हणाला. "मी बॅग भरीसन तयारच व्हतू. तीन दिन."

हे मात्र मला माहीत नव्हतं. पैज लावणारा माझा मुलगा तीन दिवस फोनकडे बघत बसला होता, आईनं बोलवावं म्हणून. वडील गेल्यावर आता आईचं तरी आपण काही करावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि मी त्यातलं काहीच त्याला करू दिलं नव्हतं. पैज जिंकल्याचा माझा अर्धा आनंद तिथेच उतरला.

घराचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. शब्दाचा पक्का आहे, बापावर गेलाय. चार दिवसांनी मी निघाले तेव्हा म्हणाला, स्टेशनपर्यंत येऊ का? मी हो म्हटलं.

गाडीला ही गर्दी. डबा समोर येताच तो पुढे धावला, अगदी यांच्यासारखा. मी कमरेचा चौकड्यांचा रुमाल काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो ओळखला. खिडकीच्या गजांतून हात आत घालणार, तोच मी मागून ओरडले, "आधी पाटी वाच!"

तो थांबला. डब्यावरची पाटी त्यानं मोठ्यानं वाचली, त्यातलं नंदुरबार दोनदा वाचलं आणि मग माझ्यासाठी सीटवर रुमाल टाकला.